भर मे महिन्यात कूलर बंद

होळीची राख थंड झाली की आमच्या गल्लीत मला हाका सुरू होतात. "काहून गा, गवत आणलं का?" मी हाकेला ओ देतो, पण राजीखुशीने देतो असं कुणी समजू नये. माझ्यावर अन्याय झालेला आहे. तो माझ्याच घरातून झालेला आहे. तो कसा झाला हे एकदा लिहून ठेवावं, म्हणून हा खटाटोप.

मी कूलर बनवणारा माणूस. इतवारीत दुसऱ्याच्या दुकानात बसून पंख्यांच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरायला शिकलो, मग स्वतःचं शेड टाकलं. पत्रा कापायचा, चौकट ठोकायची, तीन बाजूंच्या जाळ्यांत लाकडाच्या बारीक तंतूंचं गवत भरायचं, वर पाण्याची नळी, आत पंखा. नागपूरच्या उन्हाळ्याने मला माणसात आणलं. आमच्या गल्लीत एक घर सोडून प्रत्येक खिडकीला माझा कूलर होता. ते एक घर बरोबर माझ्या दारासमोर. तिथे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डसाहेब राहायचे आणि त्यांनी कूलर आणला होता सीताबर्डीच्या दुकानातून. मी रोज सकाळी दार उघडायचो आणि दुसऱ्याच्या हातचा कूलर बघायचो. दोन वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही. गल्लीतल्या इतर काही घरांशीही माझं बिनसलेलं होतं, पण त्याची कारणं आता आठवत नाहीत. हे कारण आठवतं.

बायको पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास चालवायची. सकाळपासून टाइपरायटरांचा खडखडाट असायचा, त्या आवाजात मला झोप छान लागायची. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की मुली कमी होत आहेत. धरमपेठेत कुणीतरी कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. एसी लावलेली खोली, बाहेर चपला काढून आत जायचं, देवळासारखं. ती एक दिवस जेवताना म्हणाली, "अहो, आपण एक मशीन घेऊ. नाहीतर माझी ही खोली तुम्ही पत्रे ठेवायला घ्या." ती कधी काही मागत नसे. मी भात अर्धा टाकून उठलो आणि शोरूममध्ये गेलो.

शोरूमवाला टाय लावून बसला होता. त्याने मशीनचं झाकण उघडून दाखवलं. आत एक काळी चपटी चिप होती, दोन्ही बाजूंना पाय असलेली, गोमेसारखी.

"हा मेंदू," तो म्हणाला. "सगळं हाच करतो. याला पाच व्होल्ट लागतात, ना कमी ना जास्त. आणि खोली थंड लागते. एसी लावावा लागेल."

"काहून? पंखा तर आहे ना मागं."

"तो पंखा खोलीतलीच हवा ओढतो, साहेब. खोली तापली तर तो काय करणार?"

"मग काम नसलं तर बंद असल्यासारखं बसेल ना हे? तेवढा वेळ थंड होईल."

"नाही. काम असो नसो, आतलं घड्याळ चालूच असतं. रिकामं बसलं तरी तेवढीच वीज, तेवढीच गरमी."

"म्हणजे काम करो न करो, पगार पूर्ण?"

तो हसला नाही. मी त्या चिपेकडे बघत राहिलो. माझ्या कूलरला रेग्युलेटर असतो. रात्री हवा जास्त झाली की माणूस एकवर आणतो आणि झोपतो. या मशीनला तशी सोयच नव्हती. मला ते बनवणाऱ्याचा रागच आला.

मग भाव झाला. त्याने आकडा सांगितला, मी उठलो आणि तो हाक मारेपर्यंत दाराशी चप्पल शोधत राहिलो. बराच वेळ चाललं ते. शेवटी तो म्हणाला, "एसी नसेल तर मी गॅरंटी देणार नाही." मी म्हणालो, "मग गॅरंटी काढा आणि भाव खाली आणा." त्याने आणला. मशीन रिक्षात ठेवताना मात्र तो त्याच्या माणसाला म्हणाला, आणि मला ऐकू जाईल असं म्हणाला, "कूलरवाल्याचं काम नाही हे."

हे वाक्य मी घरी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ते मशीन चालवणं हा माझ्या अब्रूचा प्रश्न झाला. बायकोच्या पोटापाण्याचा तर तो होताच.

मार्चमध्ये सगळं ठीक होतं. एप्रिल लागला आणि मी माझ्या हातचा सगळ्यात मोठा कूलर पुढच्या खोलीच्या खिडकीला बसवला. बायको धरमपेठेचा क्लास बघून आली होती. तिथे म्हणे फटीसुद्धा बुजवतात, धूळ येऊ नये म्हणून. तिने आमच्या खोलीची दुसरी खिडकी बंद करून काळा कागद डकवला, दाराला जाड पडदा लावला, उंबऱ्याशी गोधडीची गुंडाळी ठेवली. मी दिवसभर शेडमध्ये. आठवड्याने येऊन बघतो तर छपाईचा कागद सादळलेल्या पापडासारखा लोंबत होता, कळा दाबल्या की चिकटून खाली बसत होत्या, आणि मुलींच्या वेण्यांतून पाणी निथळेल की काय अशी दमट हवा.

"तुमचा कूलर खराब आहे," बायको म्हणाली.

एवढं बोलणं ऐकायला मी जन्मलो नव्हतो. मी काळा कागद टराटरा फाडला. "अगं, हा एसी नाही! कूलरची हवा आत आली की समोरून बाहेर गेली पाहिजे. नाहीतर तू खोलीत नाही, हंड्यात बसली आहेस. आपल्या बेडरूमची खिडकी नाही का उघडी ठेवत आपण? तिथं कळतं, इथं कळत नाही?"

"तिथं मशीन नाही," ती शांतपणे म्हणाली. "इथं धूळ आली तर?"

मग मी समोरच्या खिडकीला मलमलीचं कोरडं दुहेरी कापड ताणून बसवलं. हवा बाहेर जाईल, धूळ आत येणार नाही. कूलरचं तोंड मशीनवरून वळवून भिंतीकडे केलं, म्हणजे ओली हवा थेट मशीनवर येणार नाही. आणि मी मशीनच्या पत्र्यावर तळहात ठेवला. मोटर भरणारा माणूस मोटरचं तापमान हातालाच विचारतो. हात ठेवला आणि सुखाने राहिला तर मोटर सुखी. हात काढावासा वाटला तर काहीतरी बिघडणार आहे. मशीनवर माझा हात सुखाने राहिला. मला वाटलं, जिंकलो. शोरूमवाल्याला बोलावून त्याचाही हात तिथे ठेवावा असं मनात आलं.

पण मे लागला आणि दुपारी मशीन मरायला लागलं.

एखादी मुलगी पान टाइप करत असायची, मशीनला जोडलेला स्टॅबिलायझर टक् करायचा आणि मशीनचा पडदा काळा. पुन्हा हिरवी अक्षरं यायची, पण केलेलं काम गेलेलं. सकाळी नाही, संध्याकाळी नाही, फक्त भर दुपारी. बायकोला खात्री पटली की ही गरमीच. मी हात ठेवून बघायचो तर पत्रा गारच. दोन मुलींनी क्लास सोडला आणि धरमपेठेत नाव घातलं. त्यातली एक सोडताना रडली, ते बायकोला जास्त लागलं.

त्यात परीक्षा ठरलेली. मे संपता संपता बाहेरून परीक्षक येणार, आमच्या खोलीत, आमच्या मशीनवर, प्रत्येक मुलीकडून एक पान टाइप करून छापून घेणार. ते नीट झालं तरच क्लासला मान्यता. नाहीतर बायकोची खोली पत्रे ठेवायला मोकळी. परीक्षकांनी वेळ दिली होती दुपारची. ती बदलावी म्हणून बायको स्वतः जाऊन आली, पण सकाळी त्यांना दुसरीकडे परीक्षा होती.

"तिथं एसी आहे म्हणून सकाळ त्यांना, आणि आपल्याला दुपार," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "तुम्ही गॅरंटी ठेवायला पाहिजे होती."

ती आत जाऊन माझ्यासाठी पन्हं घेऊन आली.

त्याच आठवड्यात गार्डसाहेबांच्या मुलीचं लग्न होतं, दुपारचं. सगळी गल्ली कुलपं लावून मंगल कार्यालयात गेली. बायकोने जरीची साडी काढून ठेवली होती. मी म्हणालो, "त्याने मला तोंडाने बोलावलेलं नाही." ती म्हणाली, "घरी येऊन माझ्या हातात अक्षत दिली आहे." मी म्हणालो, "मी घरात नसताना दिली." तिने साडी परत कपाटात ठेवली आणि मशीनसमोर जाऊन बसली. माझ्याकडे पाठ करून ती टाइप करत राहिली. मी खाटेवर पडून तिची पाठ बघत होतो. जाऊन ये म्हणावं असं वाटत होतं, पण तोंडातून निघत नव्हतं.

ऊन माथ्यावर आलं, कललं, तरी टक् झालं नाही. मी उठून स्टॅबिलायझरचा काटा बघितला. काटा ताठ उभा होता. रोज या वेळी तो लाल खुणेखाली झोपलेला असायचा, पण माझा सगळा जीव पत्र्याच्या गरमीत अडकलेला. मी दारात आलो. ऊन तेच होतं, रस्त्यावर पाय ठेवता येत नव्हता. पण गल्ली गप्प होती. आमची सोडून कुठल्याच खिडकीतून कूलरचा आवाज नव्हता.

मग डोक्यात प्रकाश पडला आणि लगेच रागही आला. राग कुणावर करावा हेच समजेना. गल्लीच्या टोकाला खांबावरचा ट्रान्सफॉर्मरचा डबा होता लहान, घरं झाली होती जास्त. दुपारी सगळे कूलर एकदम चालू झाले की दोनशे तीस व्होल्टची लाइन दीडशेवर यायची. तिथे स्टॅबिलायझर हात टेकायचा आणि त्या बिचाऱ्या चिपेला तिचे पाच व्होल्टही पोचायचे नाहीत. मशीनला गरमी मारत नव्हती. माझे कूलर मारत होते. मीच ठोकलेले, मीच घरोघर गळी उतरवलेले.

मी बायकोला सांगितलं. ती पहिल्यांदा हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग म्हणाली, "आता काय करायचं?"

"परीक्षेच्या दुपारी सगळ्यांना कूलर बंद करायला सांगायचं."

"मे महिन्यात? नागपुरात? कोण ऐकेल?"

"ऐकतील. मी बोलतो."

"तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही निम्म्या गल्लीशी बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी मी निघालो. शेजारच्या काकूंनी दार उघडलं आणि तोंडाला पदर लावला. "बाप्पा! सूर्य कुठून निघाला आज? हा माणूस माझ्या दारात?"

मी हकिगत सांगितली.

"म्हणजे कूलर विकताना म्हणलं, रात्रंदिवस चालवा, काही होत नाही. आता म्हणते बंद करा?"

"एक दुपार, काकू."

"माझी नात दीड महिन्याची आहे गा. तिले काय सांगू? मास्तरीणबाईची परीक्षा आहे, तू घाम गाळ?" मग जरा विचार करून त्या म्हणाल्या, "आणि आम्हाले काय भेटते?"

इथे मी माझ्या ओळखीच्या मैदानात आलो. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी होळीनंतर तुमच्या कूलरचं गवत बदलून देतो. फुकट." काकूंनी पंपाची सफाई त्यात घालून घेतली. पुढच्या घराला हे आधीच कळलेलं होतं, त्यांनी रंगसुद्धा मागितला. रंगाला मी नाही म्हणालो. दारोदार भाव करत मी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. एकच घर राहिलं.

गार्डसाहेब ओसरीत आरामखुर्चीत होते. घर लग्नानंतरचं, सुनं. त्यांनी मला बसही म्हटलं नाही.

"लग्नाले आला नाही तू."

"तुम्ही मला बोलावलं नव्हतं."

"तुझ्या घराले बोलावलं. घराले बोलावलं म्हणजे तुले नाही? तू काय गोठ्यात राहतं?"

मी उभाच. ते म्हणाले, "पोरगी विचारत होती. समोरचे काका काहून नाही आले म्हणून. लहानपणी तुझ्या शेडमधून पत्र्याचे तुकडे आणायची, आठवते का? भातुकलीच्या चुली करायची त्यायच्या."

आठवत होतं. ही आठवण मला कुणी आधी करून द्यायला हवी होती. मी खाली बसलो, जमिनीवर.

"बोल, काय काम आहे?"

मी बोललो. त्यांना गल्लीतून सगळं आधीच समजलेलं होतं, तरी त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"करतो बंद. पण माझ्या कूलरचंही गवत तूच बदलशील."

"तो माझा कूलर नाही."

"म्हणूनच म्हणून राहिलो मी."

दुसऱ्याच्या दुकानाच्या कूलरला हात लावायचा म्हणजे मला जिवावर. मी घासाघीस करून बघितली. नवा कूलर स्वस्तात देतो म्हणालो. ते खुर्चीत डुलत राहिले. रेल्वेत माणसं काय काय सबबी सांगतात ते ऐकून पिकलेला माणूस. शेवटी मी हो म्हणालो. भावात मला कुणी हरवलं असेल तर त्या एकाच माणसाने.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक घामाने भिजून आले आणि आमच्या खोलीत शिरताच "अरे वा" म्हणाले. मी ते "अरे वा" ऐकून घेतलं. बाहेर गार्डसाहेबांनी आपली जुनी शिट्टी काढली होती. ती त्यांनी दोनदा वाजवली आणि एकेका खिडकीतला आवाज बसत गेला. बायाबापड्या ओला पंचा डोक्यावर टाकून दारात येऊन बसल्या, हातात विंझणे. "याच्या मशीनचा खून करीन मी," कुणीतरी म्हणालं. "पहिले पास होऊ दे पोरींले, मग कर," दुसरीने उत्तर दिलं. एवढी शांतता मी आमच्या गल्लीत मे महिन्यात कधी ऐकली नव्हती. आतून आमच्या एकट्या कूलरची घरघर आणि कळांचा आवाज तेवढा येत होता. काटा ताठ.

शेवटची मुलगी बसली. अर्धं पान झालं असेल, आणि काटा हलला. थोडा खाली, अजून थोडा. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी दाराबाहेर झेपावलो. कुठेतरी कूलर चालू होता. काकूंचा.

मी ओरडणारच होतो. खिडकीतून बघितलं तर काकू नातीला मांडीवर घेऊन कूलरसमोर बसल्या होत्या, आणि ती पोर लालबुंद होऊन रडत होती. काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी काय करू गा? सांग तूच."

तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला, "काकू, तिला घेऊन आमच्याकडे या. आपल्याकडे कूलर चालूच आहे." ती परीक्षकांना विचारून आली होती की नाही, मला अजून माहीत नाही. काकूंनी बटण बंद केलं. मी त्या पोरीला उचललं, तिला पदराखाली धरतात तसं पंच्याखाली धरलं आणि उन्हातून पळालो. काटा पुन्हा वर चढत होता. परीक्षकांनी बाळाकडे बघितलं, मग त्या मुलीला म्हणाले, "तू थांबू नको, टाइप कर." काकू कूलरखाली भिंतीला टेकून बसल्या. पान छापून बाहेर आलं तेव्हा नात झोपलेली होती आणि कागद कडक होता. मी बोटांनी चुरगळून बघितला, कोपरा फक्त.

मान्यता आली. बायकोने पाटी रंगवून घेतली.

पुढच्या होळीनंतर मी गवताचा गठ्ठा खांद्यावर घेऊन निघालो आणि शब्द पाळला. गार्डसाहेबांच्या त्या दुसऱ्याच्या कूलरचंही गवत बदललं. पत्रा हलका होता, ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "माहीत आहे मले. चहा घे." इथपर्यंत अन्याय काही नाही.

अन्याय त्याच्या पुढच्या वर्षी झाला. होळी झाली आणि पुन्हा हाका. मी रस्त्यात उभा राहून सांगितलं, "एका वर्षाचं बोललो होतो मी!" सगळी गल्ली जमली. काकू म्हणाल्या, दर वर्षीचं बोललास. गार्डसाहेब म्हणाले, साक्षीदार आणू. आणि माझी बायको, जिला मी प्रत्येक घरचा ठराव त्याच संध्याकाळी शब्दन् शब्द सांगितला होता, ती दारात येऊन पदराला हात पुसत सगळ्यांसमोर म्हणाली, "दर वर्षी असंच म्हणाले होते. मी ऐकलं आहे."

गल्लीने टाळ्या वाजवल्या. मी घरात आलो आणि दार आपटलं. ती मागून आली, मशीनसमोर बसली.

"खोटं काहून बोललीस?"

समोरच्या दारातून गार्डसाहेब माझ्या नावाने हाक मारत होते, चहा टाकला आहे म्हणून. तिने मशीनच्या पत्र्यावर तळहात ठेवला, माझ्यासारखाच, आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"जा," ती म्हणाली. "आणि जाताना समोरची खिडकी उघडी ठेवा."